नितळ पाण्याची भट्टी

काचेच्या चंचुपात्रात पाणी भरून ते खिडकीशी ठेवलं, की क्षणभर पात्र रिकामंच वाटतं. माघातलं कोवळं ऊन त्यातून आरपार जातं, पलीकडच्या भिंतीवर उजेडाचा एक थरथरता तुकडा पडतो, आणि पाणी आहे की नाही याची खात्री करून घ्यायला बोट बुडवावंसं वाटतं. मग मी मोरचुदाचा एक खडा अलगद सोडते. खडा तळाकडे जाताजाता मागे निळ्या रंगाचा एक धागा सोडत जातो. तो धागा वळतो, सैल होतो, तळाशी पसरतो आणि मग कुठे त्या अदृश्य पाण्याला आकार येतो. काचकांडीने ढवळलं तर सगळं एका दमात निळं होईल, हे मला ठाऊक असतं. पण मी मुद्दाम ढवळत नाही. इतकी वर्षं हा खेळ पाहिला, तरी त्या निळ्याने माझं मन अजून भरलेलं नाही.

अड्याळच्या बाजूला आमची शाळा आहे आणि तिथे मी रसायनशास्त्र शिकवते. लोकांना वाटतं, शिकवणं म्हणजे बोलणं. पण बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आधीचा आठवडा माझा न बोलण्याचा असतो. शाळेतल्या साऱ्या बाटल्या धुऊन उपड्या घालायच्या, तराजूची धूळ पुसायची, आणि वर्षभर कपाटात झोपलेल्या क्षारांना एकेक करून पाण्यात उतरवायचं. घरोघरी पापड-कुरड्यांचे दिवस यायला अजून महिनाभर असतो; माझे कुरड्यांचे दिवस हे. तीच लगबग, तेच 'हे वाळलं का, ते मुरलं का', आणि आपल्या हातचं बिघडू नये ही तीच धास्ती. माझा धाकटा दीर चेष्टेने म्हणतो, की वहिनींना स्वयंपाकघरात मीठ मोजायचा कंटाळा आणि शाळेत मात्र मिलिग्रॅमची हौस. त्याचं खोटं नाही.

आणि या द्रावणांचे स्वभाव तरी किती वेगळे! मोरचूद सालस आहे. एकदा विरघळलं की वर्षभर तोच निळा रंग धरून राहतं. हिराकस मात्र रुसकी. सकाळी कोवळ्या पानासारखी हिरवी दिसते आणि दोन दिवस दुर्लक्ष केलं की पिवळी पडते. तिला आम्लाच्या दोन थेंबांचा आधार द्यावा लागतो आणि तरीही ती ताजीच करावी लागते. कॉस्टिक सोड्याच्या गोळ्यांना बाटलीबाहेर काढलं की घाम फुटतो, म्हणून त्यांचं वजन घाईनेच उरकायचं. गंधकाम्ल पाण्यात सोडायचं ते धारेने नव्हे, काचेच्या कडेकडेने, ढवळत, थांबत. पात्र तापलं की आपणही थांबायचं. चुन्याची निवळी तर आमच्या गावची लेकच. पानाच्या टपरीवर मिळणारा चुना पाण्यात कालवायचा, रात्रभर बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी हळूच ओतून घ्यायचं आणि बूच घट्ट लावायचं. उघडी राहिली तर ती हवेतला कर्बवायू शोषून पांढरी होऊन बसते. परमँगनेटला इथले म्हातारे अजून लाल दवा म्हणतात, कारण पूर्वी साथीच्या दिवसांत विहिरीत ती टाकली जायची. आयोडीनसाठी लागणारा स्टार्च मी बाजारातून आणत नाही. धानाच्या मुलखात राहून पेज विकत घ्यायची म्हणजे लाजच! माहेर एकोडीचं असल्यामुळे तांदूळ घरचा असतो. दुपारच्या डब्याबरोबर पेजेची एक लहान बाटली येते, आणि आयोडीनचा थेंब पडताच ती अशी काळीनिळी होते की मागच्या बाकावरच्या पोरीसुद्धा पुढे सरकतात.

या सगळ्यांत मानपान लागतो तो सिल्व्हर नायट्रेटला. तो तपकिरी बाटलीत, अंधारात राहणार. उजेड सोसत नाही. बोटाला लागला तर त्या वेळी काहीच दिसत नाही, आणि दुसऱ्या दिवशी उन्हात गेलं की कातडीवर काळे डाग उमटतात, ते धुऊन जात नाहीत. दर वर्षी माघात माझी दोन बोटं काळी असतात आणि हळदीकुंकवाला कुणी ना कुणी विचारतंच. त्याचं काम एवढंच, की पाण्यात क्लोराइड असलं तर ते पांढऱ्या दुधासारखं उमटवून दाखवायचं. पण ते दाखवतो इतक्या कसोशीने, की ज्या पाण्यात तपासायचं ते पाणी स्वतः निष्कलंक हवं. चिमूटभर मिठाचा अंशसुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नाही.

आता निष्कलंक पाणी आणायचं कुठून? आमचा जिल्हा तलावांचा. गावोगावी तलाव आहेत, त्यांच्या खालच्या अंगाला बोड्या, म्हणजे छोटे तलाव आहेत, बोड्यांच्या काठाला विहिरी आहेत, आणि प्रत्येक गावाला आपल्या एका विहिरीचा अभिमान आहे. लग्नाच्या बैठकीतसुद्धा मुलीकडचे सांगतात, की आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ एका उकळीत शिजते. पाण्याची यापलीकडे दुसरी परीक्षा इथे कुणी मानत नाही, आणि खरं सांगू, ती परीक्षा वाईटही नाही. पण सिल्व्हर नायट्रेट डाळ खात नाही. त्याला लागतं ऊर्ध्वपातित पाणी. उकळलेलं, वाफ होऊन वर गेलेलं, आणि थंड नळीतून थेंबथेंब पुन्हा खाली आलेलं. वर गेल्यावर जे मागे राहायचं ते सगळं मागे ठेवून आलेलं पाणी. 'ऊर्ध्वपातन' हा शब्द वर्गात उच्चारताना मला नेहमी वाटतं, की एवढ्या साध्या गोष्टीला किती भारदस्त नाव दिलंय!

प्रयोगशाळेत पूर्वी जे परिचर होते ते गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी सुनंदाताई आल्या. चाळिशीच्या, सडसडीत, कामाला चोख. त्यांनी धुतलेल्या परीक्षानळीत आपलं तोंड दिसावं! अड्याळच्या विहारात दर पौर्णिमेला वंदनेला त्या सगळ्यांच्या आधी पोचतात, आणि पंचशीलातलं पाचवं शील, मद्य न घेण्याचं, त्या इतकं मनावर घेतात की खोकल्याच्या औषधातसुद्धा 'ते' आहे का हे डॉक्टरांना विचारतात. स्पिरिटचा दिवा त्या पदर नाकाला लावूनच पेटवतात. मी हसायचे, त्याही हसायच्या.

दिवाळीनंतर मी ऊर्ध्वपातनाची मांडणी करून दिली. गोल बुडाचा चंबू, खाली शेगडी, वरून तिरकी उतरणारी काचेची संघनन नळी, तिच्याभोवती फिरणारं थंड पाणी, आणि शेवटी पांढरा कॅन. रोज रिकाम्या तासाला थोडं थोडं पाणी काढत जा, असं सुनंदाताईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग मी प्रशिक्षणाला गेले, परत आले, स्नेहसंमेलन झालं, आणि जानेवारीअखेर पाहते तो कॅन गळ्यापर्यंत भरलेला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

त्या कॅनच्या पाण्यात मोरचूद केलं, हिराकस केली, बाकीची द्रावणं केली. सगळं सुरळीत झालं. परीक्षा परवावर आली तेव्हा शेवटी सिल्व्हर नायट्रेट घेतला, कण पाण्यात पडले, आणि पाणी दूध झालं.

पात्र नीट धुतलं नसेल म्हणून मी दुसरं घेतलं, त्यात नुसतं कॅनमधलं पाणी ओतलं आणि दुधाळ द्रावणाचा वर आलेला नितळ थेंब त्यात सोडला. पुन्हा तोच पांढरा ढग. एक गोष्ट लगेच ध्यानात आली. सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण गाळून वाचवता येईल. पण परवा मुली आपापला अज्ञात क्षार विरघळवणार त्या याच पाण्यात. मग कुणाच्या हाती नायट्रेट आलेलं असो की आणखी काही, सगळ्यांच्याच नळीत दूध दिसेल. जी डोळ्यांनी पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहील तीच चुकेल, आणि जिने शेजारणीचं पाहून लिहिलं ती सुटेल. वर्षभर मी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, की दिसेल ते लिहा. ती गोष्ट त्या एका कॅनपायी खोटी पडणार होती.

सुनंदाताई मोरीपाशी बाटल्या पुसत होत्या. हे पाणी कुठलं, असं मी विचारलं. आवाज चढवायचा नाही असं ठरवून विचारलं, तरी त्यांना कळलंच. हातातलं फडकं त्यांनी खाली ठेवलं.

"आमच्या बोडीवरच्या विहिरीचं होय, मॅडम. त्यात डाळ एका उकळीत शिजते. वस्त्रानं गाळलं, उकळलं, मंगच भरलं. त्याच्याहून साफ पाणी मले त माहीत नाही."

म्हणजे रोज डोक्यावर घागर घेऊन ही बाई ते पाणी आणत होती! नळ शाळेच्या दारात असताना. नळी मांडून दिली होती, ती काहून नाही लावली, असं मी त्यांच्याच बोलीत विचारलं. त्यांनी त्या काचेच्या मांडणीकडे पाहिलंही नाही.

"ते भट्टी होय, मॅडम. मी भट्टीपाशी बसत नाही."

मग हळूहळू, बाटल्या पुसत पुसतच त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर आंबागडचं, किल्ल्याच्या पायथ्याशी, जंगलाला लागून. मोहाची फुलं पडायला लागली की बाप घरामागे भट्टी लावायचा. चुलीवर सडवलेल्या मोहाचं मडकं, त्यावर दुसरं, सगळ्यांत वर थंड पाण्याचं भांडं. ते वरचं पाणी कोमट झालं की बदलायचं, आणि ते काम लहानग्या सुनंदाचं. शाळा सोडून ती तिथे बसायची. पहिली धार बाप स्वतः प्यायचा, मग दुसरी, मग विकायला फार काही उरायचंच नाही. तो वास तिच्या केसांत, पुस्तकांत, भाकरीत भरून राहायचा. बाप त्यातच गेला. तेराव्याचीसुद्धा वाट न पाहता आईने ती मडकी अंगणात आपटून फोडली, आणि त्यानंतर त्या घरात चूल पेटली ती फक्त अन्नासाठी. लग्न होऊन अड्याळला आल्यावर विहारात शील घेताना सुनंदाताई पाचव्या शिलापाशी थांबायच्या, आणि ते मनात पुन्हा एकदा म्हणायच्या. आता शाळेत नोकरी लागली, नशीब उघडलं, आणि मॅडमनी पहिल्याच दिवाळीला समोर काय मांडून ठेवावं? खाली आग, वर वाफ, थंड पाणी, आणि थेंबथेंब!

मी त्या मांडणीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं आणि खरंच, भट्टीच होती ती. काचेची असली म्हणून काय झालं? माझ्या भारदस्त शब्दामागे हीच चूल होती, आणि त्या शब्दाला मोहाचा वास येत नव्हता तो केवळ माझं बालपण एकोडीच्या धानाच्या बांधावर सुखात गेलं म्हणून. त्यांना नाही म्हणता आलं नव्हतं, आणि करताही आलं नव्हतं. म्हणून मग या बाईने आपल्या ओळखीतलं सगळ्यांत चांगलं पाणी आणून घातलं होतं. मला त्यांचा राग आला नाही. आली ती मायाच.

पण माया येऊन कॅन भरत नाही. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी ठेवलेलं पाणी आणून पाहिलं, तर त्या उघड्या डब्यातल्या पाण्यानेही किंचित ढग दाखवला. भंडाऱ्याचा दुकानदार म्हणाला, पुढच्या आठवड्यात येईल. म्हणजे उद्याचा दिवसच काय तो उरला, आणि संथ नळी सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालली तरच परीक्षेपुरतं पाणी जमणार होतं. मी सुनंदाताईंना म्हटलं, की उद्या मी तासांच्या मधेमधे येऊन बघेन, तुम्ही दुसऱ्या खोलीतली टेबलं लावा. चंबू एकटा सोडता येत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचले, तर प्रयोगशाळेचं दार उघडं. सुनंदाताई त्या मांडणीसमोर स्टूल घेऊन बसल्या होत्या. शेगडी मात्र लावलेली नव्हती. पांढरी साडी नेसल्या होत्या, विहारात जाताना नेसतात ती. रात्री झोप झाली नसावी, असं डोळे सांगत होते. मी चंबूत नळाचं पाणी भरलं, पाणी उसळू नये म्हणून दगडाचे दोन बारीक तुकडे टाकले, बूच लावलं. त्यांनी प्रत्येक गोष्ट पाहिली. मग विचारलं,

"याच्यातून दुसरं काही निघत नाही ना?"

मी सांगितलं, की चंबूत जे घालू त्यातलंच वर येईल. आपण पाणी घातलंय, पाणीच येईल. त्यांनी चंबूकडे एकदा नीट पाहिलं, हात जोडले, ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि शेगडीचं बटण स्वतः दाबलं.

पाण्याला आधी बारीक बुडबुडे आले, मग चंबूच्या गळ्याशी धुकं जमलं, आणि ते नळीत उतरलं. सुनंदाताईंचा हात नकळत वर गेला आणि बाहेरच्या नळीला लागला, ती गार आहे ना हे पाहायला. लहानपणी मडक्यावर जायचा तोच तो हात असावा. नळीच्या टोकाशी एक थेंब लोंबला, फुगला, आणि पडला. पहिले थेंब ओतून टाकायचे असतात. मी पात्र सरकवणार तोच सुनंदाताईंनी आपला तळहात पुढे केला. तीन-चार थेंब त्यावर पडले. त्यांनी तळहात नाकाशी नेला. डोळे मिटले. एवढी वर्षं ज्या वासापासून ही बाई पळत होती, तो तिला आज तिच्याच हातावर सापडणार होता का?

"कायचाच वास नाही," त्या म्हणाल्या. पुन्हा हुंगून पाहिलं. मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांनी ते पदराने पुसलंही नाही.

दिवसभर त्या तिथून हलल्या नाहीत. मी तास घेऊन यायचे, तर त्या थेंबांकडे पाहत असायच्या. डबाही त्यांनी तिथेच जरा बाजूला बसून खाल्ला, आणि प्रयोगशाळेत खाऊ नये हा माझा नियम मी त्या एका दुपारी पाहिलाच नाही. खिडकीबाहेर पळसाच्या काळ्या कळ्या फुटायला आल्या होत्या आणि शाळेमागच्या मोहाची पानं गळत होती. आता महिन्याभराने त्याची फुलं पडतील, आणि त्यांचा वास या खिडकीतून आत येईल. पूर्वी मला तो वास नुसता गोड वाटायचा.

संध्याकाळी पाऊण कॅन भरला. मी परीक्षानळीत त्यातलं थोडं पाणी घेतलं आणि ड्रॉपर सुनंदाताईंच्या हाती दिला. गाळून ठेवलेल्या सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब त्यांनी सोडला. आम्ही दोघी नळी उजेडासमोर धरून उभ्या राहिलो. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना काहीतरी होताना दाखवत आले: रंग बदलताना, साका बसताना, बुडबुडे येताना. काही न होण्याची वाट इतक्या आतुरतेने पाहिल्याचं मला आठवत नाही. नळीतलं पाणी जसं होतं तसंच राहिलं. थेंब कुठे गेला तेही दिसेना.

"काहीच त नाही झालं, मॅडम," सुनंदाताई म्हणाल्या, आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

परीक्षा नीट पार पडली. बाहेरून आलेले परीक्षक चहा घेताना म्हणाले, की तुमच्या मुली नुसतं पाठ केलेलं लिहीत नाहीत, नळीत पाहून लिहितात. ज्या मुलीला नायट्रेटचा क्षार आला होता तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, की सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर काही बदल दिसला नाही. तिला पूर्ण गुण मिळाले. सुनंदाताईंनी चहाच्या कपांबरोबर आणलेला चिवडा परीक्षकांच्या बशीत जरा जास्तच पडला.

परीक्षा संपली, आणि उरलेल्या पाण्यातलं एक बाटलीभर पाणी नेऊ का, असं त्यांनी संकोचत विचारलं. मी म्हटलं, प्यायला ते बेचव लागतं हो. प्यायला नाही, त्या म्हणाल्या, आणि माघ पौर्णिमेला संध्याकाळी विहारात यायचं निमंत्रण देऊन गेल्या.

मी गेले. बायका आपापल्या पोरांना घेऊन बसल्या होत्या, मेणबत्त्या लागल्या होत्या. वंदना सुरू झाली, पाचवं शील आलं, आणि मी बाजूला पाहिलं. सुनंदाताई या वेळी थांबल्या नाहीत; सगळ्यांबरोबर एकाच सुरात पुढे गेल्या. समोर बुद्धमूर्तीच्या पायाशी काचेची एक मोठी वाटी ठेवली होती. मेणबत्तीचा उजेड तिच्यातून आरपार जात होता, आणि मागच्या पांढऱ्या भिंतीवर त्याचा एक तुकडा थरथरत होता. वाटी मला रिकामीच वाटली. मग सुनंदाताईंनी उठून तिच्यात चाफ्याची दोन फुलं सोडली, आणि ती तरंगली.